आठवी ते दहावीचा वर्ग : मुलांचं वय ओळखून तास कसा आखावा

सातवीपर्यंत सुरळीत चाललेला वर्ग आठवीत आला की शिक्षकखोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ही बॅच बिघडलीय." बॅच दरवर्षी नवी असते, वाक्य मात्र जुनंच. तक्रार मुलांबद्दल असली तरी चूक बहुतेक वेळा तासाच्या आखणीत सापडते. नाव घेऊन उभं करायचं, सगळ्यांदेखत चूक दाखवायची, घंटा झाल्यावर घाईघाईत गृहपाठ सांगायचा, ही पद्धत दहा वर्षांच्या मुलांवर चालून जाते. तेरा ते सोळा या वयात तीच पद्धत उलटते.

पुढची आखणी मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे. वर्गात पन्नास-साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास आणि हलवायला जागा नसलेले बाक आहेत, असं धरून चाललो आहे. टप्पे क्रमानेच घ्या. बरेच जण थेट गटकार्यापासून सुरुवात करतात, आठवड्यात गोंधळ माजतो आणि "आपल्याकडे हे चालत नाही" असा निष्कर्ष निघतो.

टप्पा १ : जूनमध्ये आधी वर्ग वाचा, मग पुस्तक

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. रात्री किती वाजता झोपतोस? सकाळी किती वाजता उठतोस? शाळेत कसा येतोस? शाळेनंतर क्लास आहे का? घरात कोणतं काम तुझ्याकडे असतं? घरी अभ्यासाला कुठे बसतोस? एवढे प्रश्न पुरेत. उत्तरं वर्गात मोठ्याने विचारू नका. "पहाटे पाणी भरतो, मग धाकट्या बहिणीला बालवाडीत सोडतो" हे मूल कागदावर लिहील, पण साठ जणांसमोर बोलणार नाही.

या चिठ्ठ्यांबरोबर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: वर्गाचं वय एक असलं तरी शरीराची अवस्था एक नसते. वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात कधीही होते. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून लहान दिसणारा मुलगा शेजारी बसलेले असतात. एखाद्या मुलीची पाळी तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते, तिच्या मैत्रिणीची व्हायची असते.

इथली नेहमीची चूक म्हणजे उंची पाहून समज मोजणं. "एवढा घोडा झालास तरी कळत नाही?" हे वाक्य उंच मुलाच्या वाट्याला फार येतं. शरीर लवकर वाढलं म्हणून मन आवरणं, पुढचा विचार करणं लवकर येत नाही. त्यासाठी लागणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. याउलट मजा, बक्षीस, मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारा भाग या वयात फार तेज असतो. या तफावतीचा विसर पडला की उनाडपणा आणि वय यांतला फरक कळेनासा होतो.

तपासणी: एखाद्या मुलाला "आळशी" म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहा. मागच्या बाकावरून फळा वाचता येतो का? दूरचं अंधुक दिसण्याचा दोष याच वयात अनेकांमध्ये सुरू होतो किंवा वाढतो, आणि चष्मा लागेल या भीतीने मुलं तो लपवतात. दुसरं, हिमोग्लोबिन. बारा वर्षांवरच्या मुलींमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. थकवा येतो, लक्ष लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली दप्तरात टाकून ठेवतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. ती डबा खाल्ल्यावर, तुमच्यासमोर घ्यायला लावा.

टप्पा २ : झोपेचा हिशेब मांडून पहिला तास बदला

किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. म्हणजे मुलाला दहाला झोप येत नाही यात निव्वळ मोबाइलचा दोष नसतो, मोबाइल त्यात भर घालतो. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी. सातची शाळा, साडेपाचला उठायचं, तर उशिरात उशिरा साडेनऊला झोप लागायला हवी. आता चिठ्ठ्या काढा आणि पाहा. एका खोलीच्या घरात वडील दहानंतर कामावरून येतात, जेवणं होतात, टीव्ही चालतो आणि मग अंथरुणं पडतात. साडेनऊ कुठून येणार?

राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. तो लहानांसाठी आहे. इमारत एक आणि पाळ्या दोन अशा अनेक शाळांत मोठी मुलं सकाळच्याच पाळीत असतात. ही वेळ एकटे शिक्षक बदलू शकत नाहीत. पण चार गोष्टी हातात असतात:

१. पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटं नवी संकल्पना नको. लिहिणं, आकृती काढणं, उभं राहून उजळणी असं काही घ्या.

२. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याला सांगून पहिल्या तासाचा विषय फिरता ठेवा. आठवड्याचे सहाही दिवस भूमितीच पहिली असेल, तर झोपेचा सगळा तोटा भूमितीच्या गुणांत दिसेल.

३. घटक चाचणी पहिल्या तासाला घेऊ नका.

४. पालकांना एकच विनंती करा: रात्री मोबाइल मुलाच्या उशाशी नको, आईच्या कपाटात. आणि रविवारी दुपारी बारापर्यंत झोपू देऊ नका, तासाभराची सवलत द्या. रविवारी बारा वाजवले की सोमवारी साडेपाचला शरीर उठायला तयार नसतं.

सावध: वर्गात डुलकी घेणाऱ्याला उभं करून काही साधत नाही. सलग तीन-चार दिवस तेच दिसलं तर तासानंतर एकट्याला विचारा.

टप्पा ३ : पहिली पाच मिनिटं आठवण्याची

मुलं अभ्यास म्हणजे धडा पुन्हा वाचणं समजतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. शाळेतही हे वापरता येतं, आणि त्याला खडूशिवाय काही लागत नाही.

फळ्यावर तीन प्रश्न लिहा: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तक बंद. उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर. तीन मिनिटांनी उत्तरं सांगा, ज्याने त्याने स्वतः तपासायची.

ही पाच मिनिटं बिघडतात ती गुण घेतल्यामुळे. गुण आले की कॉपी आली, भीती आली. हे फक्त आठवण्यासाठी आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा आणि वर्षभर पाळा.

टप्पा ४ : अक्षर शेवटी, आकडा आधी

अकरा-बारा वर्षांनंतर मूल अमूर्त विचार करू लागतं, असं मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचं म्हणणं. ते खरं असलं तरी सगळी मुलं एकाच दिवशी करत नाहीत आणि सगळ्या विषयांत तर मुळीच नाही. एखादी मुलगी 'न्याय म्हणजे काय' यावर तासभर वाद घालते आणि बीजगणितातल्या 'एक्स'पाशी अडकते.

म्हणून क्रम असा ठेवा: ओळखीचा प्रसंग, त्याचा तक्ता, तक्त्यातला नियम, शेवटी अक्षर. रेषीय समीकरणाला रिक्षाचं मीटर घ्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला २६ रुपये झालं, पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. चार किलोमीटरला किती? दीड वजा केल्यावर अडीच उरले. अडीच गुणिले १७.१४ म्हणजे ४२.८५, त्यात २६ मिळवले की ६८.८५, म्हणजे ६९ रुपये. दोन, तीन, पाच किलोमीटरचा तक्ता मुलांनी करायचा. मग विचारा, "अंतर माहीतच नसेल तर हे कसं लिहाल?" आता 'एक्स'ला काम मिळालं. माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. तिथल्या शाळेने टॅक्सीचं उदाहरण घ्यावं: किमान भाडं ३१ रुपये, पुढे दर किलोमीटरला २०.६६.

इथे थांबू नका. या वयाला 'जर-तर' आवडतं आणि अन्याय शोधायला त्याहून आवडतो. "सिग्नलला दहा मिनिटं अडकलो तर भाडं कोणी भरायचं?" हा प्रश्न टाका. वाद सुरू होईल. तो दोन मिनिटं चालू द्या आणि मग विचारा, की वाट पाहण्याचं भाडं समीकरणात कुठे बसेल. उलट बोलणारी मुलं इथे तुमच्या उपयोगी पडतात. इतिहास आणि राज्यशास्त्राला तर असा वाद रोजच लावता येतो.

सावध: वर्गातली पाच-सहा चुणचुणीत मुलं थेट सूत्र सांगतात आणि आपण पुढे सरकतो. तक्ता प्रत्येकाच्या वहीत दिसल्याशिवाय अक्षर फळ्यावर लिहू नका.

टप्पा ५ : प्रश्न कसा विचारायचा आणि चूक कुठे सांगायची

सगळ्यांत जास्त बिघाड इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू या.

या वयातलं मूल सतत कोणीतरी आपल्याकडे पाहतंय असं धरून वागतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एलकाइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटलं. वर्गात तर प्रेक्षक काल्पनिकही नसतात, साठ जण खरेच बसलेले असतात. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या अभ्यासात गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ होता. एकट्याने खेळताना किशोरवयीन मुलं जेवढा धोका पत्करत, त्याहून कितीतरी जास्त मित्र शेजारी असताना पत्करत. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे स्टाफरूमच्या दारात नम्र असणारा मुलगा वर्गात उद्धट होतो, तेव्हा तो दुतोंडी नसतो. दोन ठिकाणचे प्रेक्षक वेगळे असतात.

यातून आखणीचा नियम निघतो: काम प्रेक्षकांसमोर, दुरुस्ती प्रेक्षकांविना. प्रत्यक्षात तो असा येतो.

प्रश्न विचारताना नाव शेवटी घ्या. आधी प्रश्न, मग अर्धा मिनिट प्रत्येकाने वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून पाहायचं, आणि मग नाव. तोपर्यंत त्या मुलाकडे निदान दोघांचं उत्तर असतं, चुकलं तरी ते एकट्याचं नसतं. नाव आधी घेतलं की बाकीचे एकोणसाठ सुटतात आणि एकाची मान खाली जाते.

कविता किंवा उतारा मोठ्याने वाचायला लावताना आदल्या दिवशी सांगा. ज्याचा आवाज फुटतोय त्याला अचानक उभं केलं तर वर्ग हसणार आणि तो पुढचे सहा महिने मराठीच्या तासाला तोंड उघडणार नाही. एखादी मुलगी फळ्यापाशी यायला नको म्हणाली तर एकदाच विचारा, दुसऱ्यांदा आग्रह नको. कारण पाळीचं असू शकतं.

पेपर उलटे वाटा. गुण वाचून दाखवू नका, गुणांच्या क्रमाने गठ्ठा लावू नका.

आता गैरवर्तन. मागच्या बाकावर समीर वही न उघडता गप्पा मारतोय. बहुतेक जण फळ्यापासून ओरडतात: "समीर, काय चाललंय?" समीरपुढे दोनच वाटा उरतात, मान खाली घालायची किंवा विनोद करायचा. मित्र बघत असताना तो विनोदच करणार. त्याऐवजी शिकवणं न थांबवता त्याच्यापर्यंत चालत जा. बाकाशी हळू आवाजात सांगा, "वही उघड, तिसरं उदाहरण सोडव. मी येतेच बघायला." आणि लगेच पुढे निघा. हे निघून जाणं महत्त्वाचं आहे. तुम्ही तिथे उभ्या राहिलात तर वही उघडणं म्हणजे हरणं होतं. दोन मिनिटांनी परत या. वही उघडलेली असेल तर त्याबद्दल काही बोलू नका, उदाहरण तपासा.

उघडली नसेल तर? तरीही वर्गात भांडण नको. "मधल्या सुट्टीत भेट" एवढंच, आणि भेटीत आधी तुम्ही विचारा, मग सांगा. कॅलेंडरमधला, म्हणजे शाळेच्या डायरीतला, रिमार्क हा त्यानंतरचा उपाय. रोज रिमार्क लिहिला की पालक सही करायचे थांबतात आणि मूल स्वतःच सही करायला शिकतं.

सावध: वर्गाबाहेर उभं करणं ही शिक्षा वाटते, पण मुलाला जास्त मोठा प्रेक्षकवर्ग मिळतो. सगळा व्हरांडा. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तो कायदा १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे म्हणून नववी-दहावीत हात मोकळा झाला, असा अर्थ कोणी काढू नये.

तपासणी: आठवडाभर रोज एका तासाला, तुम्ही कोणाचं नाव किती वेळा घेतलं हे मागे बसलेल्या सहकाऱ्याला टिपायला सांगा. तीच आठ-दहा नावं पुन्हापुन्हा येतात, आणि त्यांतली निम्मी रागवण्यासाठी घेतलेली असतात.

टप्पा ६ : गटकार्य, पण बाक न हलवता

टप्पा ५ वर्गाच्या अंगवळणी पडला की साधारण ऑगस्टमध्ये गट सुरू करा. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्या मुलांनी मागे वळायचं. चौघांचा गट तयार, जागा हलली नाही.

चौघांत एकच कागद द्या. लिहिणारा एक, आकडे तपासणारा एक, शंका काढणारा एक, सांगणारा एक. वेळ आठ मिनिटं, फळ्यावर लिहिलेली. 'चर्चा करा' एवढंच सांगितलं तर रात्रीच्या क्रिकेट सामन्यावर चर्चा होते. कामाच्या शेवटी कागदावर काही उतरलं पाहिजे.

गट तुम्ही पाडा आणि दर तीन-चार आठवड्यांनी बदला. मुलं-मुली वेगळ्या रांगांत बसणाऱ्या वर्गात पहिला मिश्र गट खुसखुसणारच, तिकडे काणाडोळा करा. फक्त एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा कोणत्याही गटात पडू देऊ नका.

टप्पा ७ : प्रजननाचा धडा, न वगळता

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' आहे. "घरी वाचून या" म्हणून तो उरकणारे शिक्षक आजही कमी नाहीत. मुलं घरी वाचत नाहीत, मोबाइलवर बघतात. क्रम असा ठेवा.

आदल्या दिवशी प्रत्येकाला सारखा कागद द्या. ज्याला प्रश्न आहे त्याने प्रश्न लिहायचा, ज्याला नाही त्याने 'प्रश्न नाही' असं लिहायचं. सगळ्यांनीच लिहिल्यामुळे कोण लिहितंय हे दिसत नाही. नाव नको. चिठ्ठ्या घरी वाचा आणि सारखे प्रश्न एकत्र करा.

तासाला मुलं-मुली एकत्र बसवा. पुस्तकातले शब्द सरळ, नेहमीच्या आवाजात उच्चारा. आकृती तुम्ही फळ्यावर काढा, एखाद्या मुलाला काढायला बोलावू नका. पाळी, स्वप्नदोष, मुरूम, आवाज फुटणं यांवरची उत्तरं छोटी ठेवा. खासगी आयुष्याचा प्रश्न आला तर "हा धड्यातला प्रश्न नाही" म्हणून पुढे जा, रागावू नका.

सावध: या तासानंतर एखादं मूल येऊन काही सांगू शकतं. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. "तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" एवढंच म्हणा. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या.

टप्पा ८ : गृहपाठ आणि प्रकल्प तुकड्यांत

मोठं काम मनात तोडून त्याच्या तारखा ठरवणं हे त्याच अजून घडत असलेल्या मेंदूच्या भागाचं काम. म्हणून ते तुम्ही तोडून द्या. पर्यावरणाचा प्रकल्प असेल तर पहिल्या तारखेला फक्त विषय आणि तीन प्रश्न, दुसऱ्या तारखेला माहिती, तिसऱ्या तारखेला मांडणी. पहिला तुकडा तपासलाच पाहिजे. तो तपासला नाही तर शेवटच्या रात्री स्टेशनरीच्या दुकानातून तयार मजकूर विकत येतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

गृहपाठ घंटेआधी पाच मिनिटं सांगा, कॅलेंडरमध्ये लिहून घ्या आणि पहिलं उदाहरण तिथेच सुरू करा. दोन पर्याय दिले तर टाळाटाळ कमी होते. काम तेवढंच असतं, पण निवडलेलं स्वतःचं वाटतं. ज्यांच्या घरी बसायला जागा नाही (चिठ्ठ्या आहेतच तुमच्याकडे) त्यांना जवळची अभ्यासिका सुचवा, किंवा शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्ग उघडा ठेवायला मुख्याध्यापकांची परवानगी घ्या.

टप्पा ९ : पालक, आणि तुमच्या आवाक्याबाहेरचं

पालकसभेत रांग लावून सगळ्यांसमोर गुण सांगू नका. प्रेक्षकांचा नियम आई-वडिलांनाही लागू आहे. मूल समोर असेल तर आधी त्याला बोलू द्या.

काही गोष्टी वयाच्या नसतात. दोन आठवड्यांहून जास्त उदास राहणं, मित्र तोडणं, डबा परत नेणं, अचानक गुण घसरणं हे एकत्र दिसलं तर "या वयात होतंच" म्हणून सोडू नका. पालक आणि समुपदेशक यांच्याशी बोला. शाळेत समुपदेशक नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जगण्याला कंटाळल्याचं बोलणं किंवा हातावर केलेल्या जखमा दिसल्या तर त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पालक दोघांना कळवा, आणि ते येईपर्यंत मुलाला एकटं सोडू नका.

दिवाळीच्या सुट्टीआधी जूनच्या चिठ्ठ्या पुन्हा काढा आणि तेच प्रश्न नव्या कागदावर विचारा. क्लास बदललेले असतात, घरातली कामं वाढलेली असतात, कोणाचं घरच चाळीतून संक्रमण शिबिरात गेलेलं असतं. दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक त्या कागदांवरून ठरवा.